उंबरठ्यावरची भाषा

दर वर्षी १ एप्रिलच्या सकाळी जपानातील बहुतेक कंपन्यांत त्या वर्षीचे पदवीधर एकाच मुहूर्तावर नोकरीत रुजू होतात. गडद रंगाचे नवे सूट, नवे बूट, अध्यक्षांचे उपदेशपर भाषण, आणि त्यानंतर लगोलग सुरू होणारे काही दिवसांचे, कोठे काही आठवड्यांचे, प्रशिक्षण. या प्रशिक्षणात कंपनीच्या मालाची आणि हिशेबाच्या पद्धतीची ओळख यथावकाश होते. परंतु कमरेतून किती अंश वाकावे, भेटपत्रिका कोणत्या उंचीवर धरावी, मोटारीत आणि बैठकीच्या खोलीत वरिष्ठाला कोणती जागा द्यावी आणि आल्यागेल्याशी कोणत्या शब्दांत बोलावे, यांचे पाठ त्याआधी द्यावे लागतात. बावीस-तेवीस वर्षांचा, जपानी आईबापांच्या पोटी जन्मलेला, बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत जपानी भाषेतच वाढलेला हा तरुण त्या तासांना बसून जपानी बोलायला शिकत असतो, आणि त्याला ती भाषा अवघड जाते. ‘केइगो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदरभाषेचे मर्म जाणू पाहणाऱ्या परकीयाने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच आपल्याकडे केइगोविषयी दोन परस्परविरुद्ध पण सारख्याच भ्रामक समजुती रूढ झाल्या आहेत: एक अशी की जपानी माणूस जन्मतःच विनयशील असल्यामुळे ही भाषा त्याच्या तोंडून आपोआप येते, दुसरी अशी की हा सरंजामशाहीचा अवशेष असून केवळ सवयीच्या बळावर तो आधुनिक कचेरीत तग धरून राहिला आहे.

आइची प्रांतात ओकाझाकी नावाचे एक मध्यम आकाराचे शहर आहे. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने तेथील नागरिकांच्या आदरभाषेची पाहणी १९५३, १९७२ आणि २००८ अशी तीन वेळा केली. अनोळखी माणसाने रस्ता विचारला तर काय सांगाल, घरी कोणी आजारी पडले तर डॉक्टरांना कसे बोलवाल, खरेदीचे ओझे दुकानात थोडा वेळ ठेवून जायचे असेल तर दुकानदाराला काय म्हणाल, असे अगदी रोजच्या व्यवहारातले प्रसंग घेऊन लोकांची उत्तरे टिपून घेतली गेली. अर्धशतकाहून अधिक काळ पसरलेल्या या सामग्रीवरून इनोउए फुमिओ या भाषाशास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष मोठा उद्बोधक आहे. उच्चार आणि व्याकरण माणूस बालपणीच आत्मसात करतो. आदरभाषा मात्र तो प्रौढ झाल्यावर, चार लोकांत वावरू लागल्यावर आणि अंगावर जबाबदारी पडल्यावर स्वीकारतो, आणि मध्यम वयापर्यंत ती वाढतच जाते. ती आईच्या मांडीवर मिळत नाही, नोकरीच्या ठिकाणी मिळते. तेव्हा पुण्याहून तोकियोस गेलेला मराठी अभियंता आणि सेन्दाईहून तोकियोस आलेला जपानी पदवीधर हे या एका विषयापुरते एकाच इयत्तेत बसलेले असतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या भाषेचे परंपरेने तीन प्रकार सांगितले जात: ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याला उंचावणारी ‘सोनकेइगो’, स्वतःला खाली उतरवणारी ‘केन्जोगो’, आणि श्रोत्याशी सभ्यपणे बोलण्याची ‘तेइनेइगो’. येणे, जाणे आणि असणे या तिन्ही क्रिया साहेबांनी केल्या तर त्या ‘इराश्शारु’ या एकाच क्रियापदात सामावतात. त्याच मी केल्या तर येण्याजाण्याला ‘माइरु’ आणि असण्याला ‘ओरु’ म्हणावयाचे. साहेबांचे जेवणे ‘मेशिआगारु’, माझे ‘इतादाकु’, म्हणजे पदरात पडलेले खाणे. साहेबांचे बोलणे ‘ओश्शारु’, माझे ‘मोसु’. साहेबांनी कागद नजरेखालून घातला तर ‘गोरान नि नारु’, त्यांचा कागद मी पाहिला तर ‘हाइकेन सुरु’. ज्या क्रियापदांना अशी स्वतंत्र जोडपी नाहीत त्यांच्यासाठी एक साचा आहे, आणि तो मराठी माणसाला ओळखीचा वाटावा असा आहे. साहेबांची क्रिया ‘होणे’ या अर्थाच्या ‘नारु’ने सांगतात आणि त्यांच्यासाठी केलेली माझी क्रिया ‘करणे’ या अर्थाच्या ‘सुरु’ने, म्हणजे साहेबांचे लिहिणे होते आणि मी लिहिणे करतो. आपल्या जुन्या वाड्यांतील गृहिणी पतीविषयी बोलताना ‘इकडून येणं झालं’, ‘इकडचं जेवण व्हायचंय’ असे म्हणत, तेव्हा त्याही कर्त्याला क्रियेच्या धकाधकीतून सोडवून, ती क्रिया जणू आपसूक घडली असा भास निर्माण करीत असत. थोरांकडे सरळ बोट दाखवू नये हा संकेत दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता व्याकरणात उतरवला. आपल्याकडे तो माजघरात जन्मला आणि माजघराबरोबरच लयास गेला, जपानात तो विक्री विभागाच्या टेबलावर येऊन बसला.

परंतु क्रियापदांची ही कोष्टके म्हणजे केइगो नव्हे. कोष्टक पाठ करणे हे काम परिश्रमाचे असले तरी चारसहा महिन्यांचे आहे. खरी अडचण दूरध्वनी वाजला म्हणजे सुरू होते.

प्रसंग नेहमीचा आहे. कंपनीच्या विभागात दूरध्वनी वाजतो आणि शिरस्त्याप्रमाणे तो तिसऱ्या घंटेच्या आत, बहुधा सर्वांत कनिष्ठ माणसाने, उचलावयाचा असतो. उशीर झालाच तर कंपनीचे नाव सांगण्याआधी ‘आपणांस तिष्ठत ठेवले’ अशी क्षमायाचना करावयाची. पलीकडे ग्राहक कंपनीचा माणूस असतो. ‘तानाका-बुचो आहेत का?’ असे तो विचारतो. बुचो म्हणजे विभागप्रमुख. हे तानाका साहेब समोरच्याच रांगेच्या टोकाला बसतात. सकाळपासून हा तरुण त्यांना ‘बुचो’ या हुद्द्यानेच हाक मारीत आला आहे, नुसत्या नावाने हाक मारण्याची त्याची प्राज्ञा नाही, आणि त्यांच्या प्रत्येक हालचालीला त्याने ‘इराश्शारु’ची झालर लावलेली आहे. या क्षणी साहेब जागेवर नाहीत. तरुणाने द्यावयाचे उत्तर असे: ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु.’ तानाका सध्या जागेवर नाही! नावामागे लावायचा आदरवाचक ‘सान’ गेला, ‘बुचो’ गेला, आणि क्रियापद आले ते ‘ओरु’, जे तो एरवी स्वतःसाठी वापरतो. हुद्दा सांगणे अपरिहार्यच असेल तर ‘बुचो नो तानाका’ असे म्हणावे. कारण नावानंतर लावलेला हुद्दा हा मान असतो आणि नावाआधी लावलेला हुद्दा ही नुसती माहिती असते.

दोन मिनिटांनी पुन्हा घंटा वाजते आणि या खेपेस बोलत असतात तानाका साहेबांच्या पत्नी. आता तेच वाक्य ‘तानाका-बुचो’पासून सुरू होते आणि ‘इराश्शाइमासु’ने संपते. माणूस तोच, रिकामी खुर्ची तीच. परंतु ग्राहकाशी बोलताना तानाका हे कारकुनाच्या बाजूचे होते आणि पत्नीशी बोलताना ते पत्नीच्या बाजूचे झाले, म्हणून त्यांचा उतरवलेला मान त्यांना परत मिळाला. जपानी भाषेत या दोन बाजूंना ‘उचि’ आणि ‘सोतो’, आतले आणि बाहेरचे, असे म्हणतात. कोणाचा हुद्दा किती मोठा हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. बोलण्याच्या घडीला उंबरठा कोठे आहे हे आधी ठरवावे लागते, आणि तो उंबरठा दर संभाषणागणिक सरकतो.

शेजारच्या कोरियात असे होत नाही. कोरियन भाषाही आदरार्थी रूपांनी समृद्ध आहे, परंतु कोरियन कारकून परक्या माणसाशी बोलतानाही आपल्या अध्यक्षांचा उल्लेख सन्मानपूर्वकच करतो. तेथील आदर हा निरपेक्ष, जपानी आदर हा सापेक्ष, असा भेद अभ्यासक करतात. मराठी या बाबतीत कोरियनच्या पंगतीला बसते. आपला कारकून ‘साहेब जागेवर नाहीत’ हेच वाक्य बोलतो, मग विचारणारा शिपाई असो, मंत्री असो वा साहेबांच्या मातोश्री असोत. आपल्याकडचा आदर व्यक्तीला चिकटलेला असतो आणि ती जाईल तेथे तिच्याबरोबर जातो. म्हणूनच मराठी माणसाला केइगोची क्रियापदे जड जात नाहीत, पण ‘तानाका नाही’ हे तीन शब्दही नसलेले वाक्य त्याच्या घशात अडकते, कारण ते उच्चारताना आपण धन्याशी बेइमानी करीत आहोत अशी चुटपुट त्याला लागते. वास्तविक पाहता इमान त्याच वाक्यात आहे. ग्राहकापुढे अध्यक्षांपासून उमेदवारापर्यंत सारी कंपनी एकाच पायरीवर उतरून उभी राहते. आतल्या उतरंडीला उंबरठ्याबाहेर प्रवेश नाही. वरवर पाहता उच्चनीचतेने ग्रासलेल्या या भाषेत समतेची ही एक चमत्कारिक जागा सापडते, आणि माझ्या मते केइगोच्या साऱ्या रचनेत हीच गोष्ट सर्वांत बुद्धिमत्तेची आहे. तिची काळी बाजूही लपवण्याचे कारण नाही: जी भाषा ‘आम्ही’ इतक्या सहजतेने उच्चारते, तिच्यात कंपनीच्या विरोधात ‘मी’ म्हणून उभे राहणे व्याकरणदृष्ट्याच अवघडल्यासारखे होते.

परकीयांपैकी ज्या अभ्यासकांनी या भाषेचा प्रथम कसून विचार केला त्यांत एका नावाशी गोव्याचा संबंध पोहोचतो. जपानातील जेझुइटांची मोहीम आरंभी त्यांच्या गोवा प्रांतात मोडत असे. त्या मोहिमेत पोर्तुगालहून कोवळ्या वयात १५७७ मध्ये जपानला पोहोचलेल्या झ्वांव रॉड्रिग्ज या पाद्र्याने पुढे जपानी भाषेचे विस्तृत व्याकरण रचले आणि ते १६०४ ते १६०८ या काळात नागासाकी येथे छापले गेले. ज्या मुद्रणयंत्रामुळे असले ग्रंथ शक्य झाले तेही १५९० मध्ये गोव्याच्या वाटेनेच जपानला गेले होते. रॉड्रिग्जने आदराच्या आणि लीनतेच्या प्रत्ययांना व क्रियापदांना आपल्या ग्रंथात भरपूर जागा दिली, कारण धर्मोपदेशकाच्या तोंडून चुकीचे क्रियापद गेले तर उपदेशाआधी उपहासच पदरी येईल हे तो जाणून होता.

रॉड्रिग्जने ऐकलेली भाषा सामुराई आणि दरबारी मंडळींची होती. आजच्या कचेरीतली भाषा तिची थेट वारस नव्हे. मेइजी काळात सरंजामी जहागिरी मोडल्यावर, तोकियोच्या सुशिक्षित वर्गाची बोली प्रमाण म्हणून देशभर शाळांतून पसरवण्यात आली आणि तिच्याबरोबर तिची आदररूपेही गेली. जपानात असे अनेक प्रदेश आहेत, उत्तर कान्तो आणि फुकुशिमाचा काही भाग त्यांत येतो, की जेथील मूळ बोलींत आदरार्थी रूपे जवळजवळ नाहीतच. याच्या उलट क्योतोच्या बोलीत ‘हारु’ हा एक सौम्य आदरप्रत्यय घरच्या माणसांना, तान्ह्या मुलांना, प्रसंगी कुत्र्यालासुद्धा बिनदिक्कत लावतात, आणि तोकियोच्या उंबरठ्याचा तेथे कोणी मुलाहिजा राखीत नाही. १९४१ मध्ये, युद्धाच्या छायेत, शिक्षण मंत्रालयाने ‘रेइहो योको’ नावाची शिष्टाचारसंहिता काढून बोलणेचालणे शिस्तीत बसवले. युद्ध संपले, आणि आदरभाषेकडे पाहण्याची सरकारी दृष्टीही पालटली. सम्राटांविषयी लिहिताना पूर्वीचे अवजड दरबारी शब्द टाकून नेहमीच्या भाषेतीलच सर्वोच्च आदररूपे वापरावीत, असे १९४७ मध्ये राजगृहाचे खाते आणि वृत्तपत्रे यांच्यात ठरले. आणि १९५२ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रभाषा परिषदेने ‘कोरे कारा नो केइगो’, म्हणजे यापुढील आदरभाषा, या नावाची शिफारस सादर केली. यापुढे ही भाषा उच्चनीच भावावर नव्हे तर परस्परांच्या आदरावर उभी राहावी, अनाठायी फुलोरा गळून पडावा, सर्वांना ‘सान’ पुरे व्हावा आणि ‘देसु’-‘मासु’ या सभ्य वाक्यान्तांची शैली हीच बोलण्याची सर्वसाधारण शैली असावी, असा तिचा आशय होता. लोकशाहीच्या पहाटे लिहिलेला तो आशावादी कागद आज वाचताना मन प्रसन्न होते, पण पुढे जे घडले ते बरेचसे त्याच्या विपरीत.

कारण पुढची दोनतीन दशके औद्योगिक भरभराटीची होती. माध्यमिक शिक्षण संपवलेली मुले खेड्यापाड्यांतून, विशेषतः ईशान्येकडून, खास आगगाड्या भरभरून तोकियोला नोकरीस येत. दुकाने, कारखाने, उपाहारगृहे यांना ग्राहकांशी बोलणारी माणसे हवी होती, आणि या मुलांच्या बोलीत ती भाषा नव्हती. मग ती शिकवण्याची तजवीज मालकांनी केली. साचेबंद वाक्ये पाठ करून घेणे, एकमेकांसमोर उभे राहून ती म्हणणे, चुकल्यास पुन्हा म्हणणे, ही रीत येथे रुजली. सरकारने कागदावर जी भाषा सुटसुटीत केली तिला बाजारपेठेने नवे फुलोरे चढवले; ओकाझाकीच्या तिसऱ्या पाहणीतही लोकांच्या विनंतीची वाक्ये आखूड झालेली दिसली नाहीत, उलट उपकाराची भावना दर्शविणारी ‘इतादाकु’ची रूपे वाढलेली आढळली.

यांतील सर्वांत बोकाळलेले रूप म्हणजे ‘सासेते इतादाकु’. त्याचा शब्दार्थ, ‘आपल्या अनुज्ञेने अमुक करण्याची कृपा मला लाभते.’ दुकानाच्या बंद दारावर पाटी असते: ‘आज दुकान बंद ठेवण्याची कृपा आम्हांस लाभत आहे.’ अनुज्ञा कोणी दिली, केव्हा दिली, असे विचारण्यात अर्थ नाही. कादंबरीकार शिबा र्‍योतारो यांनी या प्रयोगाचे मूळ शिनशू पंथाच्या बौद्ध श्रद्धेत शोधले होते; जे काही आपल्या हातून घडते ते अमिदा बुद्धाच्या कृपेने घडते या भावनेतून ही बोलण्याची रीत आली आणि ओमीच्या फिरत्या व्यापाऱ्यांनी ती देशभर नेली, असे त्यांचे म्हणणे. उपपत्ती सुंदर आहे. पण आज हा शब्दप्रयोग जो उठसूट कानावर पडतो त्याचे कारण भक्तीपेक्षा भीती हे अधिक असावे: कोणाचा तरी रोष ओढवण्यापेक्षा चार अक्षरे जास्त बोललेली बरी. तीच गोष्ट उपाहारगृहांतील पोरसवदा नोकरांच्या भाषेची. नुकत्याच सांगितलेल्या पदार्थाविषयी ‘हेच ठीक होते ना?’ असा भूतकाळी प्रश्न, कॉफी पुढे ठेवताना ‘ही कॉफीच्या बाजूची गोष्ट होते’ असा आडवळणी उल्लेख, या प्रकारांना ज्येष्ठ मंडळी ‘बाइतो केइगो’, म्हणजे फावल्या वेळच्या नोकरांची आदरभाषा, असे हिणवतात आणि वृत्तपत्रांत तक्रारी लिहितात. तक्रारी करणाऱ्यांत साहेबांच्या क्रियापदावर आदराचे दुहेरी अस्तर चढवून ‘ओश्शारारेरु’ म्हणणारे कितीतरी निघतील.

या गोंधळात काही व्यवस्था लावावी म्हणून सांस्कृतिक व्यवहार परिषदेने २००७ च्या फेब्रुवारीत ‘केइगो नो शिशिन’ ही मार्गदर्शिका सादर केली आणि तीन प्रकारांचे पाच केले. लीनतेच्या भाषेचे दोन भाग पडले, आणि ते का पडले हे मार्गदर्शिकेने एका धाकट्या भावाच्या उदाहरणाने दाखवले आहे. ‘गुरुजींकडे जातो’ हे ‘उकागाऊ’ने सांगता येते, कारण त्या क्रियापदाने जेथे जायचे त्या माणसाला मान मिळतो; पण ‘धाकट्या भावाकडे जातो’ हे ‘उकागाऊ’ने सांगितले तर परक्यासमोर स्वतःच्याच भावाला मान दिल्यासारखे होते. तेथे ‘माइरु’ चालते, कारण त्यातली लीनता जाण्याच्या ठिकाणाकडे न वळता ऐकणाऱ्याकडे वळते. पेय-पदार्थांच्या नावांना ‘ओ’ लावून बोलणे गोजिरे करण्याच्या सवयीलाही ‘बिकागो’, सुशोभित भाषा, असे स्वतंत्र घर मिळाले. मात्र वर्गीकरणापेक्षा त्या मार्गदर्शिकेतील प्रश्नोत्तरे अधिक वाचनीय आहेत. विभागप्रमुखांना फ्रेंच येते की काय हे जाणून घेण्यासाठी कनिष्ठाने ‘आपणांस फ्रेंचही बोलता येते का?’ असे पूर्ण आदररूपांनिशी विचारले. व्याकरणात कोठेही खोट नाही, तरी प्रश्न अनुचित ठरतो, कारण वरिष्ठाची कुवत समोरासमोर तपासणे हेच अनुचित. ‘आपण फ्रेंच बोलता का?’ एवढे विचारावे. तसेच वरिष्ठाला ‘कॉफी प्यावीशी वाटते का?’ असे विचारून त्याच्या इच्छेला हात घालू नये. ‘कॉफी घ्याल का?’ म्हणावे. म्हणजे ही भाषा नुसती शब्दांची निवड सांगत नाही, दुसऱ्याच्या मनाच्या कोणत्या दालनात पाऊल टाकू नये हेही सांगते. आपल्याकडे नव्या साहेबांना ‘सर, तुम्हाला मराठी येतं का?’ असे कौतुकाने विचारणारे आपण सारे या कसोटीवर नापास होऊ.

महाराष्ट्राचा या भाषेशी आता नित्याचा संबंध आला आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून टिळक महाराष्ट्र विद्यापीठापर्यंत आणि गल्लोगल्लीच्या खासगी वर्गांपर्यंत जपानी शिकवली जाते. चाकण, रांजणगाव, सुपे येथील जपानी कारखान्यांना दुभाषी लागतात. आणि या शतकाच्या आरंभापासून तोकियोच्या एदोगावा विभागात, निशी-कासाई परिसरात, भारतीय अभियंत्यांची जी वस्ती वाढली तीत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्याच एदोगावाच्या नगरसभेवर २०१९ मध्ये अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक निवडून आले. या सर्व व्यवहारात केइगोचे जे एक अक्षर मराठी माणसाने तत्परतेने उचलले ते म्हणजे ‘सान’. पुण्याच्या संगणक कंपन्यांत जपानी ग्राहकाचे काम करणाऱ्या गटांत देशपांडे-सान, कुलकर्णी-सान अशा हाका सर्रास ऐकू येतात, आणि त्याला हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती पत्राखाली स्वतःची सही ‘देशपांडे-सान’ अशी ठोकण्याला. स्वतःच्या नावाला ‘सान’ लावणे म्हणजे जुन्या मायन्यात स्वतःलाच ‘तीर्थस्वरूप’ लिहिण्यासारखे आहे.

दुभाष्यांची स्थिती याहून बिकट. कारखान्याचे जपानी अध्यक्ष, भारतीय व्यवस्थापक आणि जपानहून आलेला ग्राहक असे तिघे बसले असताना मधल्या दुभाषी बाईंनी अध्यक्षांचा उल्लेख कसा करावयाचा? त्या कंपनीच्या नोकर असतील तर अध्यक्ष त्यांच्या आतले, म्हणून ग्राहकापुढे ‘सान’ गळला पाहिजे. बाहेरून एका दिवसाच्या मेहनतान्यावर आल्या असतील तर अध्यक्ष त्यांना परके, म्हणून ‘सान’ राहिला पाहिजे. आणि पाहुणा ग्राहक नसून मूळ कंपनीच्या मुख्यालयातला असेल तर? तो आतला की बाहेरचा? याला लेखी नियम नाही; त्या त्या कंपनीच्या वहिवाटीवर ठरते आणि वहिवाट कोणी सांगत नाही. त्यातच भारतीय व्यवस्थापक इंग्रजीत ‘त्यांना सांगा, हे जमणार नाही’ असे रोखठोक वाक्य फेकतो, आणि त्याचे जपानी रूपांतर चारपट लांब झाले की ‘एवढं काय बोलत होता?’ असे संशयाने विचारतो. त्या लांबणीत क्षमायाचना असते, आभार असतात, ‘आमच्या क्षुद्र कंपनीच्या’ अर्थाचा ‘हेइशा’ असतो. नकाराचा मजकूर शेवटी, तोही अर्धवट सोडलेल्या वाक्यात. उलट दिशेने येताना हे सारे गळून जाते आणि इंग्रजीत एक कोरडे ‘नो’ उरते. चांगला दुभाषी या दोहोंच्या मधले काहीतरी साधतो, पण ते त्याला कोणत्याही वर्गात शिकवलेले नसते.

या जाचातून सुटण्याचा एक धाडसी मार्ग राकुतेन या कंपनीने काढला. तिचे संस्थापक मिकितानी हिरोशी यांनी २०१० मध्ये जाहीर केले की यापुढे कंपनीचा अंतर्गत कारभार इंग्रजीत चालेल, आणि २०१२ पासून तो तसा चालू झाला. इंग्रजीत हुद्द्याच्या खुणा कमी, म्हणून विचारांची देवघेव मोकळी, हे त्यामागच्या समर्थनांपैकी एक. इतर पुष्कळ कंपन्यांनी एवढ्या टोकाला न जाता, हुद्द्याने हाक मारण्याऐवजी अध्यक्षांसकट सर्वांना ‘सान’ म्हणण्याचा पायंडा पाडला. १९५२ च्या त्या शिफारशीला एवढे यश तरी उशिरा का होईना मिळाले. कार्यस्थळी होणाऱ्या वरिष्ठांच्या छळाला आळा घालण्याची जबाबदारी २०२० पासून कायद्याने मोठ्या कंपन्यांवर टाकली, तेव्हापासून कनिष्ठाशीही ‘मासु’ लावून बोलणारे वरिष्ठ वाढले आहेत असे तेथे राहणारी मंडळी सांगतात. आदर एकाच दिशेने वर चढण्याऐवजी थोडा खालीही झिरपू लागला असेल तर ते इष्टच आहे. परंतु ग्राहकाचा दूरध्वनी आला की ‘तानाका नाही’ हेच उत्तर मिळते. त्या उंबरठ्याला अद्याप कोणी हात लावलेला नाही, आणि नजीकच्या काळात लावील असे मला वाटत नाही.

राहता राहिला आपल्याकडच्या शिक्षणाचा प्रश्न. पुण्यात ज्या पुस्तकावर बहुतेक वर्ग चालतात त्या ‘मिन्ना नो निहोंगो’चे दोन भाग मिळून ५० धडे आहेत, सोनकेइगो येते ४९ व्या धड्यात आणि केन्जोगो ५० व्या. तोपर्यंत परीक्षा तोंडावर आलेली असते आणि हे दोन धडे घाईने उरकले जातात. जपानी भाषाक्षमतेच्या ज्या परीक्षेसाठी, म्हणजे जेएलपीटीसाठी, विद्यार्थी जिवाचे रान करतात तिच्यात बोलण्याची चाचणीच नाही. वाचा, ऐका आणि पर्यायावर खूण करा. परिणामी दुसऱ्या श्रेणीचे प्रमाणपत्र हाती असलेला तरुण तोकियोला पोहोचतो तेव्हा त्याने इराश्शारु आणि ओरु यांवर अचूक खुणा केलेल्या असतात, पण त्यांतले एकही क्रियापद परक्या माणसाशी बोलताना तोंडातून काढलेले नसते. कचेरीतील भाषेसाठी बीजेटी नावाची स्वतंत्र परीक्षा १९९६ पासून आहे, तिचे नावही पुष्कळ वर्गांत उच्चारले जात नाही. पुण्यातील वर्गचालकांना माझी विनंती आहे की त्यांनी हे दोन धडे वर्षाच्या मध्यावर आणावेत, आठवड्यातून अर्धा तास विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवावे आणि दूरध्वनीवरचे संभाषण म्हणून घ्यावे: एकदा ग्राहकाशी, एकदा साहेबांच्या घरच्यांशी. यासाठी नवे पुस्तक लागत नाही आणि जादा शुल्कही आकारावे लागत नाही.